सुकलाल मास्तरांचे दात

गेल्या आषाढात आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डीजेवरून भांडण झालं आणि त्या भांडणात मी नको ते बोलून बसलो.

आमचं गाव नरडाण्याजवळ. तिथे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आमच्या घराण्याची कानबाई बसते. नारळाची देवी. तिला नथ घालतात, नटवतात, रात्रभर तिची गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. सुरतेपासून पुण्यापर्यंत पांगलेली आमची माणसं एक वेळ दिवाळीला येणार नाहीत, पण कानबाईला येतात. मिरवणुकीपुढे पूर्वी बँड असायचा. तो बंद पडला आणि डीजे आला. मागच्या खेपेला डीजेच्या दणक्याने प्रमिलाअक्काच्या फळीवरच्या बरण्या खाली आल्या आणि वर्षाचं लोणचं जमिनीवर पसरलं. अक्का म्हणजे माझी थोरली चुलती, घराण्यातली सगळ्यात मोठी. तिने तिथल्या तिथे जाहीर केलं की पुन्हा डीजे आणाल तर आधी मला नदीवर न्या.

माझा चुलतभाऊ प्रेमराज सगळा कारभार बघतो. त्याने ग्रुपवर आमच्या अहिराणीत लिहिलं, 'मंग काय तोंडघाई वाजाडानं?' म्हणजे, मग काय तोंडाने वाजवायचं?

मी लिहिलं, 'हो. मी क्लॅरिनेट वाजवीन.'

 ग्रुपवर पिवळ्या हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. सुरतेच्या एका पुतण्याने तर बेडकाचं चित्र टाकलं.

मी जळगावला दातांचा डॉक्टर आहे. गावात मला मान आहे, पण मी त्यांच्यातला कोणी आहे असं तिथे कोणाला वाटत नाही. कानबाईला घरातल्या प्रत्येक पुरुषाला काहीतरी काम असतं. कोणी मांडव बांधतो, कोणी चूल धरतो, कोणी पाणी भरतो. मला खुर्ची मिळते. "डॉक्टर, तू बठ." लग्न झाल्यापासून मी त्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो आहे. अक्काने एकदा तरी माझ्याकडे बोट दाखवून 'हाऊ आमना', हा आमचा, असं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. पन्नाशीच्या माणसाला हे हवंसं वाटणं हास्यास्पद आहे, पण वाटत होतं खरं.

क्लॅरिनेट मी कॉलेजात असताना एनसीसीच्या बँडमध्ये वाजवली होती. म्हणजे ती हातात धरून शेवटच्या रांगेत चाललो होतो. आता वाद्य कुठून आणायचं हा प्रश्न होता. तो बेबाबाईंनी सोडवला.

बेबाबाई धुळ्याच्या, देवपुरातल्या. लेकीकडे जळगावला आल्या होत्या आणि वरची कवळी करून घ्यायला माझ्याकडे आल्या. आम्हा दातवाल्यांना एक वाईट खोड असते. समोरच्याचं तोंड भरलेलं असलं की आम्हाला बोलायला उत्साह येतो. त्यांच्या तोंडात मापाचा लगदा भरून तो घट्ट व्हायची वाट पाहताना मी त्यांना डीजे, लोणचं, प्रेमराज, क्लॅरिनेट, सगळं सांगून टाकलं. त्या डोळे मोठे करून ऐकत होत्या. मला वाटलं, लगदा घशाला लागतोय. ट्रे बाहेर काढला तशा त्या म्हणाल्या, "मन्हाकडे शे ना एक."

"काय?"

"क्लारनेट. आमना मालकनी. सुकलाल मास्तर. नाव ऐकेल व्हई तुमी."

मालक म्हणजे त्यांचा नवरा, बँडमास्तर. नाव ऐकलं नव्हतं, तरी मी मान हलवली. कवळीच्या बदल्यात क्लॅरिनेट, असं आमचं ठरलं.

कवळी तयार झाली तेव्हा मी स्वतःच ती घेऊन देवपुरात गेलो. बेबाबाईंनी खाटेखालून पेटी ओढून काढली. आतल्या मखमलीला कसर लागली होती. पेटीत पाच खाचा होत्या आणि तुकडे चार.

"माऊथपीस कुठे आहे?"

"तो त्यासनासंगे गया. शेवटले त्यासना हातमा ठेवा आम्ही." त्यांनी नवी कवळी जिभेने चाचपून पाहिली. "तोंडनी वस्तू शे भाऊ. आपला दात कोनी दुसराले देस का?"

मी तर नुकताच त्यांना दात देऊन बसलो होतो.

त्यानंतरचे दिवस माझ्या व्यवसायातले सगळ्यात सुखाचे. इतकी शांत पेशंट मला कधी मिळाली नव्हती. वरच्या तुकड्याला एक उभी चीर गेली होती. ती मी दात भरायच्या मसाल्याने भरली आणि निळ्या दिव्याखाली पक्की केली. भोकांवरच्या चामड्याच्या गाद्या झुरळांनी कुरतडल्या होत्या. त्या मागवून नव्या बसवल्या आणि प्रत्येक गादी नीट टेकते की नाही हे चावा तपासायच्या निळ्या कागदाने पाहिलं. सांध्यांवरचं बूच वाळून गळून पडलं होतं, तिथे नवं बूच चिकटवून घासलं. चाव्यांच्या स्प्रिंगा मी मुळांच्या नळ्या साफ करायच्या सुईने मोकळ्या केल्या. बाहेर पेशंट गाल धरून बसलेले असायचे आणि माझी मदतनीस सारिका त्यांना सांगायची की डॉक्टर आत ऑपरेशन करताहेत.

आता माऊथपीस निवडायचा राहिला. माऊथपीस म्हणजे क्लॅरिनेटचं तोंड. त्याच्या खालच्या अंगाला वेताची पातळ पत्ती बांधतात, वरच्या अंगावर आपले वरचे दात टेकवतात आणि पत्ती व टोक यांच्यामधल्या फटीतून फुंकतात. फट बारीक असली तर सूर लवकर लागतो, पण आवाज गल्लीपलीकडे जात नाही. फट मोठी असली तर आवाज गावभर जातो, पण फुंकणाऱ्याचे डोळे बाहेर येतात. कवळीसारखंच आहे हे. एकाला बसते ती दुसऱ्याला बसत नाही, आणि दुकानात बघून कळत नाही.

मी तीन आणले. पहिला प्लास्टिकचा, गाद्यांसोबत फुकट आलेला. त्यातून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला आणि शेजारच्या पॅथॉलॉजीवाल्याने भिंतीवर थाप मारली. दुसरा धुळ्याच्या दुकानातला, काळ्या एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, जुन्या घडणीचा. तो नुसताच फुसफुसला. तिसरा मुंबईहून कुरिअरने आला, मखमली पिशवीत. त्याची किंमत मी हेमलताला, म्हणजे बायकोला, अजून सांगितलेली नाही. तो तर पहिल्यापेक्षा वाईट केकाटला.

दोष माझ्या फुंकण्यात असणार असं समजून मी तिन्ही दवाखान्याच्या कपाटात ठेवले आणि घरी गेलो. सकाळी कपाट उघडलं तर तिन्हींच्या वरच्या अंगावर दातांचे ठसे होते.

आता, वाजवणाऱ्याच्या दातांचे ठसे माऊथपीसवर उमटतातच. पण त्याला महिने लागतात. आणि हे ठसे माझे नव्हते. माझे वरचे पुढचे दोन दात चिकटून, सरळ उभे आहेत. तेवढीच एक गोष्ट मला वडिलांकडून धड मिळाली आहे. ठशांमधल्या दोन दातांत चांगली रुंद फट होती आणि डावा दात फटीकडे कलला होता. कपाटातून तंबाखू-चुन्याचा वास येत होता. प्लास्टिकच्या माऊथपीसवर बांधलेली पत्ती ओली होती.

मी शास्त्रीय पद्धतीने गेलो. सारिकाला मेणाच्या पट्टीवर चावायला लावलं. तिचे दात वेगळे निघाले आणि तिने दुपारपर्यंत अबोला धरला. घरी जाऊन हेमलताला चावायला लावलं.

"काय शोधताय तुम्ही?" तिने पट्टी थुंकत विचारलं.

"दवाखान्यात रात्री कोणीतरी येतं आणि माऊथपीस चावतं."

"मग पोलिसांत जा ना. मला कशाला चावायला लावता?"

पोलिसांना काय सांगणार? मी तिन्ही माऊथपीस धुतले, उकळत्या पाण्यात न घालता औषधाने निर्जंतुक केले, वरच्या अंगावर जाड रबरी चकत्या चिकटवल्या आणि कपाटाला कुलूप लावून किल्ली घरी नेली. सकाळी चकत्या आरपार चावलेल्या होत्या. त्यांचे तुकडे कपाटातच एका कडेला नीट गोळा करून ठेवले होते, जेवताना आपण शेंगेची सालं ठेवतो तसे.

मला भीती वाटली, हे सांगतो. पण त्याहून जास्त मला प्रेमराजची भीती वाटत होती. कानबाई आठवड्यावर आली होती, क्लॅरिनेटमधून अजून एक धड सूर निघाला नव्हता आणि तो ग्रुपवर रोज विचारत होता, 'डॉक्टर, तुन्ही पिपानीवर कोन नाची?'

मी ठशांत मापाचा लगदा भरला, त्यावरून मेणात दात घडवले आणि प्लास्टरमध्ये ओतले. वरचे दोन दात आणि थोडी हिरडी, एवढाच तुकडा. तो रुमालात गुंडाळून, तिन्ही माऊथपीस घेऊन मी धुळ्याला गेलो. काय विचारायचं ते ठरलेलं नव्हतं.

बेबाबाई ओट्यावर गिलकी, म्हणजे घोसाळी, निवडत बसल्या होत्या. कवळी छान बसली होती. मी रुमाल उलगडून तो तुकडा त्यांच्यासमोर सुपाच्या कडेला ठेवला.

त्यांनी पाहिलं. हातातलं गिलकं खाली ठेवलं आणि डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत पुढे ओढून घेतला, मालक घरात आल्यावर घेत असतील तसा. मग त्या अंग चोरून थोड्या वळून बसल्या.

"हाई तुमले कोठे सापडनं?"

मी सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही विचारलं नाही की असं कसं होईल.

"बोदवडले एक लगीनमा सोडानी बाटली दातघाई उघाडी त्यासनी," त्या हळूच म्हणाल्या. "तठेच तो डावा दात वाकडा व्हयना. तव्हयपाईन सूर गोड व्हयना, असं म्हनेत."

"त्यांना काय हवंय?"

हा प्रश्न माझ्या तोंडून बाहेर पडल्यावर मला स्वतःचाच राग आला. बेबाबाईंनी मात्र सरळ उत्तर दिलं.

"चाळीस वरीस कानबाईपुढे वाजाडं. कितला गावमा, कितला घरना दारमा. पन रोट कोनी दिन्हा नही. देतस बी नही बाहेरनाले, त्यासले माहीत व्हतं. पन वास ते येस ना भाऊ." त्यांनी गिलक्याचं देठ तोडलं. "एक दाव पोटभर रोट खासू, मंगच मरसू, असं म्हनेत. आनि मरनात आखाडमा."

हे रोटांचं बाहेरच्याला सांगितलं पाहिजे. कानबाईच्या नैवेद्यासाठी घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि डाळ मोजून घेतात, त्या दळणाचे रोट भाजतात आणि ते फक्त घराण्यातल्यांनी खायचे. जावयाला नाही, पाहुण्याला नाही. माझी सख्खी बहीण रोहिणी लग्न झालं त्या वर्षापासून नुसती गिलक्याची भजी खाते. बँडवाल्यांना दारातच चहा आणि बुंदीची पुडी देतात. मीसुद्धा लहानपणी दिलेली आहे. त्यात काही वाईट आहे असं कधी मनात आलं नाही.

निघताना मी बेबाबाईंना तिन्ही माऊथपीस दाखवले आणि विचारलं, यातला कोणता घेऊ?

त्यांनी हात लावला नाही. लांबूनच पाहून म्हणाल्या, "ज्यावर चावा खोल शे, तो त्यासले मानवना."

मुंबईच्या महागड्या माऊथपीसवर नुसता ओरखडा होता. प्लास्टिकच्यावर त्याहून थोडा जास्त. धुळ्याच्या एबोनाइटवर दात रुतले होते, म्हणजे मास्तरांना मानवला तो हाच. बसस्टँडकडे जाताना मी ठरवलं की एबोनाइट उष्णतेने मऊ पडतं, जुलैतला उकाडा, बंद कपाट. आणि राहिलेल्या गोष्टींचा विचार कानबाई झाल्यावर करायचा.

त्या संध्याकाळी दवाखान्यात मी तो माऊथपीस लावला आणि त्या दोन खाचांत माझे दात टेकवले. माझ्या दातांत फट नाही. तरी ते बसले, जरासुद्धा न हलता. मी फुंकलं. शेजारचा पॅथॉलॉजीवाला धावत आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "रेडिओ कोणता घेतलात डॉक्टर?"

शुक्रवारी मी आणि हेमलता गावी गेलो. घरात पोचलो तेव्हा अक्का माजघरात धान्य मोजायला बसली होती आणि घराण्यातले सगळे पुरुष भिंतीला टेकून समोर बसले होते. मी क्लॅरिनेटची पेटी मांडीवर घेऊन शेवटी बसलो. अक्का डोळे मिटून एकेकाचं नाव घेते आणि सव्वा मूठ पाटीत टाकते. प्रेमराज. त्याची मुलं. सुरतेवाले. शेवटी चंदन, म्हणजे मी. आम्ही नऊ होतो. माझी मूठ टाकून झाल्यावर अक्का थोडी थांबली, ओठ हलवले आणि अजून एक सव्वा मूठ टाकली.

"अक्का, एक जास्ती गयी," प्रेमराज म्हणाला.

"दहा शेतस ना?" अक्काने डोळे उघडून आमच्या रांगेवरून नजर फिरवली. शेवटी माझ्यापलीकडे, मोकळ्या भिंतीकडे पाहिलं. "बराबर. दहा शेतस."

"मोतीबिंदू वाढेल शे हिना," प्रेमराज म्हणाला. "डॉक्टर, देख जरा."

"मी दातांचा डॉक्टर आहे," मी म्हणालो.

सगळे हसले. टाकलेली मूठ परत काढत नाहीत, म्हणून ती राहू दिली. मी पेटी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. ती घरातून निघताना होती त्यापेक्षा जड लागत होती.

रविवारी कानबाई बसली. घरभर तूप, वेलदोडा आणि भाजल्या रोटांचा वास भरला होता. बायका गाणी म्हणत होत्या. मला नेहमीची निळी खुर्ची मिळाली, पण मी तिच्यात बसलोच नाही. अख्खा दिवस मी ओट्यावर, दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. हेमलता दोनदा बोलवायला आली. "आत या की, जेवून घ्या." मी येतो म्हणालो. चपला काढायच्या आणि उंबरा ओलांडायचा, एवढंच करायचं होतं. जमलं नाही. भूक मात्र मरणाची लागली होती.

सोमवारी सकाळी अक्काने कानबाईचा पाट डोक्यावर घेतला. ऊन पडलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. सुरतेच्या पुतण्याने मोबाईल वर धरला होता, बेडूक नंबर दोन करायच्या तयारीने.

मी दात खाचांत टेकवले.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. मला त्यातलं एकही गाणं येत नव्हतं आणि माझी बोटं एकामागून एक गाणी वाजवत होती. सूर पहिल्यांदा पिंपळापर्यंत गेला, मग शाळेपर्यंत. दारं उघडली. बायका फुगड्या घालू लागल्या. प्रेमराजने टोपी उडवली. दोन ओळींच्या मध्ये मी मागे वळून कोपराने ढोलवाल्यांना इशारा करत होतो. मागे ढोलवाले नव्हते. तोंडात तंबाखू-चुन्याची चव होती. मी आयुष्यभर लोकांना तंबाखूवरून झापत आलो आहे.

नदीवर अक्का माझ्यापुढे नाचली. ऐंशी पार केलेली बाई. नाचता नाचता तिने माझ्याकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांना ओरडून म्हणाली, "हाऊ आमना!"

माझे डोळे भरून आले. पण तिची नजर माझ्या तोंडावर नव्हती. माझ्या तोंडाच्या जरा वर, माझ्याहून उंच माणसाकडे पाहावं तशी ती पाहत होती.

परत आलो. लोक पाठीवर थापा मारत आत गेले. आत पानं मांडली होती.

मी ओट्यावर चपला काढायला वाकलो. उजव्या चपलेचा पट्टा निघेना.

वर पाहिलं तेव्हा पंगत बसली होती.

माझ्या जागेवर माझा पांढरा कुर्ता पाठमोरा बसला होता. खाली मान घालून, घाईघाईने जेवत होता. शेजारी हेमलता त्याच्या पानात तूप वाढत होती.

त्याने दातांनी रोटाचा घास तोडून उरलेला रोट पानाच्या कडेला ठेवला. दारातून मला तो स्पष्ट दिसला. चाव्याच्या मधोमध फट होती. डावा दात कललेला.

अक्का रोटांची दुरडी घेऊन आली. त्याच्यासमोर वाकली. मी तिचा पुतण्या. माझ्यासमोर तिने कधी डोक्यावर पदर घेतलेला मी पाहिलेला नाही. तिने तो कपाळापर्यंत पुढे ओढला.

"ल्या, पोटभर जेवा," ती हळूच म्हणाली. "कितला वरीस दारमा उभा ऱ्हायनात."

मी हाक मारायला तोंड उघडलं. कोणाला मारायची ते आठवेना.

प्रेमराज बाहेर आला. माझ्या तोंडाकडे न बघता त्याने माझ्या हातात चहाचा कागदी कप आणि वर्तमानपत्राची पुडी ठेवली आणि आत गेला.

दुपारी आम्ही जळगावला निघालो. गाडी मीच चालवत होतो. ओट्यावरून गाडीपर्यंत कसा आलो ते मला सांगता येणार नाही. चपला पायात होत्या. पेटी मागच्या सीटवर होती, आता अगदी हलकी. अमळनेर येईपर्यंत हेमलता आनंदाने बोलत होती. अक्का किती खूश झाली, प्रेमराजने ग्रुपवर काय लिहिलं, पुढच्या वर्षीही तुम्हीच वाजवायचं असं कसं ठरलं. इतक्या वर्षांत तिने माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललेलं मला आठवत नव्हतं.

"तब्बल पाच रोट खाल्लेत तुम्ही," ती म्हणाली. "मला लाज वाटली बाई. दोन दिवसांचं उपाशी असल्यासारखं."

 मी तर कालपासून काहीच खाल्लं नव्हतं.

धरणगाव मागे पडल्यावर ती बराच वेळ खिडकीतून कापसाची शेतं बघत होती. मग म्हणाली, "अहो, आपण जेवत होतो तेव्हा दारात तो कोण उभा होता हो? बँडवाला असावा. एकटाच, आपल्या पंगतीकडे टक लावून बघत होता बिचारा. प्रेमराजभाऊंनी त्याला बुंदी दिली म्हणून बरं."

पुडी माझ्या खिशात होती. बुंदीचा पाक कापडातून झिरपून मांडीला चिकटत होता.